'तांत्रिक बिघाड' म्हणजे नेमकं काय बिघडलं?

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती,
संसद भवन, नवी दिल्ली

सन्माननीय महोदय, महोदया,

४ जून २०२४ च्या दुपारी नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या निफाड तालुक्यात घरोघरी टीव्ही चालू होते. लोकसभेची मतमोजणी होती. ओझरच्या विमान कारखान्यातून चाचणीसाठी उडालेलं हवाई दलाचं सुखोई-३० त्याच दुपारी शिरसगावच्या शिवारात कोसळलं. दोन्ही वैमानिक वेळेवर बाहेर पडले आणि पॅराशूटने उतरले. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं निकालांनी भरलेली होती. विमानाच्या बातमीत कारणापुढे दोनच शब्द होते, 'तांत्रिक बिघाड'.

हे दोन शब्द आमच्या तालुक्याने आधीही ऐकले होते. २७ जून २०१८ ला वावी-ठुशीच्या शिवारात असंच एक सुखोई पडलं. ते तर नवं कोरं होतं, हवाई दलाच्या ताब्यात जायचंही बाकी होतं. तेव्हाही दोघे वैमानिक वाचले. सहा वर्षांत एकाच तालुक्यात दोन लढाऊ विमानं पडली, दोन्ही चाचणीच्या उड्डाणात. दोन्ही वेळचे मिळून चौघांचे जीव वाचले आणि खाली शेतात कुणी दगावलं नाही, याबद्दल आम्ही देवाचे आणि त्या वैमानिकांचे आभार मानले. पण विमानात नेमकं काय बिघडलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मी निवृत्त आयटीआय निदेशक आहे. उभी नोकरी फिटर आणि टर्नर ट्रेडच्या मुलांना शिकवण्यात गेली. माझे काही विद्यार्थी विमानांच्या कामात आहेत. त्यांच्याकडून ऐकलेलं या पत्रात एक अक्षरही नाही. जे लिहितो आहे ते शोधलं तर कुणालाही सापडेल असं आहे. फिटरच्या ट्रेडमध्ये 'तांत्रिक बिघाड' हे उत्तर धरत नाहीत. मुलाने जर्नलमध्ये तसं लिहिलं तर मी पान परत करायचो. सील फाटलं की पाइप चिरला? नट कमी आवळला होता की जास्त? भाग मुळातच कच्चा होता, की चांगला भाग उलटा बसवला? आणि तो बसवल्यावर तपासून सही कुणी केली? यातल्या प्रत्येक उत्तरावर उद्याचं काम वेगळं ठरतं. बिघाड एवढंच कळलं तर उद्या काय बदलायचं ते कळत नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली एक गोष्ट सांगतो. वर्कशॉपमधल्या एका लेथचा पायब्रेक दुरुस्तीसाठी सोडवून ठेवला होता. तो मीच सोडवला होता. मशीनवर चिठ्ठी लावायची राहून गेली. दुपारच्या पाळीतल्या एका मुलाने जॉब चकमध्ये बांधला, मशीन चालू केलं, त्याची बाही अडकली आणि शिकवल्याप्रमाणे त्याने ब्रेकवर पाय मारला. पाय तसाच मोकळा खाली गेला. शेजारच्या मुलाने मेन स्विच पाडला म्हणून हात वाचला, पण मनगटापासून कोपरापर्यंत टाके पडले. त्या रात्री घडलं ते सगळं मी फुलस्केप कागदावर लिहून काढलं, ब्रेक कुणी सोडवला इथपासून. तो कागद पुढची सगळी वर्षं वर्कशॉपच्या दाराशी होता. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी तो वाचायची. त्यात त्या मुलाचं नाव नव्हतं, माझं होतं.

पुढे मला कळलं की याच धर्तीचा एक कागद अमेरिकेत एका जेट विमानाबद्दल लिहिला गेला आहे. तेव्हापासून तो मी वर्गात शिकवत आलो.

एक्स-३१ हे अमेरिका आणि जर्मनी यांनी मिळून बनवलेलं प्रायोगिक विमान. नाक आभाळाकडे करूनही विमान ताब्यात ठेवून वळवता येतं का, हे बघण्यासाठी अशी दोनच बांधली होती. १९ जानेवारी १९९५ ला त्यातलं पहिलं विमान कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळाकडे परत येत होतं. दिवसाचं काम संपलेलं होतं. आत जर्मन चाचणी वैमानिक कार्ल-हाइन्झ लांग होते. विमानाच्या नाकापुढे पिटो नावाची एक नळी असते. समोरून आदळणाऱ्या हवेच्या दाबावरून ती वेग सांगते. या विमानावरची आधीची नळी काढून किल प्रोब नावाची दुसरी बसवली होती, कारण नाक खूप वर असतानाही ती अचूक माप देते. जुन्या नळीत बर्फ धरू नये म्हणून हीटर होता. नव्या नळीत नव्हता. कॉकपिटमधलं हीटरचं बटण मात्र जागच्या जागी राहिलं. त्या दिवशी वर हवेत ओलावा होता. लांग यांनी बटण चालू केलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं, आणि तसं सांगणारी चिठ्ठी त्याच्यावर नव्हती.

नळीत बर्फ धरला. वेगाचा आकडा खोटा येऊ लागला आणि संगणकाला वाटलं की विमान फार हळू चाललं आहे. हळू उडणाऱ्या विमानाला वळवायला पंख-शेपटीच्या झडपा जास्त हलवाव्या लागतात, म्हणून संगणकाने त्या तशा हलवल्या. विमान प्रत्यक्षात वेगात होतं. ते हेलकावे खाऊ लागलं आणि नाक सरळ उभं करून ताब्याबाहेर गेलं. लांग इजेक्ट झाले. त्यांना दुखापत झाली, पण ते वाचले. नवी नळी हीटरला जोडलेली नाही हे जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात माहीत होतं. वैमानिकापर्यंत ते वेळेत पोचलं नाही. वेगाच्या आकड्यावर न विसंबता विमान चालवण्याची एक पर्यायी सोय त्याच्या संगणकात होती, तीही वापरली गेली नाही. एक सुटलेली चिठ्ठी, एक न पोचलेला निरोप, एक न वापरलेली सोय. यातलं एक जरी घडलं नसतं तरी विमान धावपट्टीवर उतरलं असतं.

निफाड तालुक्यातल्या एका शिक्षकाला हे ठाऊक आहे, कारण त्यांनी ते उघड सांगितलं. चौकशी झाली, निष्कर्ष जाहीर झाले. पुढे नासाने त्या प्रकल्पातल्या माणसांनाच कॅमेऱ्यासमोर बसवून, आम्ही कुठे चुकलो हे त्यांच्या तोंडून सांगणारी चित्रफीत काढली आणि जगाला फुकट बघायला ठेवली. कारण कळल्यावर दुसऱ्या एक्स-३१ मध्ये बदल केले आणि पाच महिन्यांनी, जून १९९५ मध्ये, ते पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात उडवलं. चूक मान्य केल्याने त्या प्रकल्पाची इभ्रत गेली नाही.

एक्स-३१ प्रायोगिक होतं, त्यात फारसं गुप्त काय असणार, असं कुणी म्हणेल. मग बी-२ घ्या. अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांत याच्याइतकी गुप्तता क्वचितच कशाची राखली गेली असेल. २३ फेब्रुवारी २००८ ला ग्वाम बेटावर उड्डाण घेताना एक बी-२ धावपट्टीलगत कोसळलं; किंमत सुमारे १४० कोटी डॉलर. जूनमध्ये, म्हणजे चार महिन्यांत, चौकशीचा अहवाल जाहीर झाला. हवेचा दाब मोजणाऱ्या २४ सेन्सरपैकी तिघांत पाणी गेलं होतं, त्यामुळे विमानाच्या संगणकांना वेग आणि दिशा यांची चुकीची मापं मिळाली. त्याच अहवालात एक ओळ आहे, ती मी वर्गात फळ्यावर लिहायचो. आधी पिटोचा हीटर चालू करून सेन्सर वाळवून घ्यावेत, ही युक्ती त्या तळावरच्या काही तंत्रज्ञांना दोन वर्षांपूर्वीच सापडली होती. पण ती कुठल्याही अधिकृत कागदावर आली नाही, म्हणून पुढच्या तुकडीला कळलीच नाही. एका हाताला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या हाताला न कळण्याची किंमत काय असते, हे मुलांना यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं. आणि हे सगळं त्या विमानाचं एकही गुपित न फोडता लिहिलेलं आहे.

आपल्याकडे असं काही होतच नाही, असं मी म्हणणार नाही. ६ मार्च २००९ ला बेंगळुरूजवळ बिडदीपाशी 'सारस'चा दुसरा नमुना कोसळला. विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शाह आणि स्क्वॉड्रन लीडर इलयाराजा गेले. तिघेही हवाई दलाचे. विमान मात्र नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने बनवलेलं, नागरी वापरासाठीचं, पंख्याच्या इंजिनांचं. म्हणून चौकशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केली आणि अहवाल जाहीर झाला. हवेत बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू करण्याची जी पद्धत आरेखनकारांनी आखून दिली होती ती चुकीची होती, आणि ते करायला पुरेशी उंचीही नव्हती, असं त्यात सरळ लिहिलं आहे. कुणाचाही मुलाहिजा ठेवलेला नाही. मी तो अहवाल वाचला तेव्हा मन जड झालं, पण त्या तिघांबद्दलचा आदर वाढला. त्यांनी हातात दिलेल्या कागदाप्रमाणे काम केलं होतं, कागदच चुकीचा होता. हे जगाला कळलं नसतं तर दोष गुपचूप त्यांच्या माथी राहिला असता.

आता १ फेब्रुवारी २०१९ कडे बघा. तेच बेंगळुरू. नूतनीकरण करून दिलेल्या मिराज-२००० चं स्वीकृतीआधीचं उड्डाण होतं. स्क्वॉड्रन लीडर समीर अब्रोल आणि स्क्वॉड्रन लीडर सिद्धार्थ नेगी गेले. तेही 'सारस'च्या तिघांसारखेच, दुसऱ्यांनी निर्धास्तपणे उडावं म्हणून आधी स्वतः उडून बघणारे. विमान लष्करी, त्यामुळे चौकशी हवाई दलाच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीकडे गेली, आणि तिचे अहवाल लोकांसाठी नसतात. एकाच शहरात, एकाच प्रकारच्या कामात, एकाच दलाच्या माणसांनी जीव दिला. एका घटनेचं कारण कुणीही वाचू शकतं, दुसरीचं नाही. हा फरक विमानाच्या खात्यावरून पडावा, हे मला पटत नाही.

आणखी मागे गेलं तर ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचं नाव येतं. देशात आरेखन होऊन बनलेलं पहिलं लढाऊ जेट, एचएफ-२४ मारुत, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा आकाशात नेलं ते त्यांनी. जर्मन आरेखनकार कुर्ट टांक यांनी ते ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलं होतं. मनाजोगं इंजिन कुठूनही मिळालं नाही, म्हणून ऑर्फियस इंजिनावरच भागवावं लागलं. पुढे त्याच इंजिनाला रीहीटची, म्हणजे मागच्या नळकांड्यात पुन्हा इंधन जाळून जोर वाढवण्याची जोड देऊन पाहिली. त्या प्रायोगिक मारुतची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० ला बेंगळुरूमध्ये दास यांचा मृत्यू झाला. ते सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांचे चिरंजीव. बेंगळुरूमध्ये त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे. रस्त्याला नाव दिलं हे योग्यच झालं. पण पन्नासहून अधिक वर्षं झाली, मारुत सेवेतून जाऊनही तीन दशकं उलटली. त्या अपघाताचा संपूर्ण तांत्रिक अहवाल आज कुठल्या शत्रूच्या कामाचा? तो विमान अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात असायला हवा होता.

आपल्याच समितीच्या डिसेंबर २०२४ मधल्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातले हवाई दलाचे ३४ अपघात नोंदलेले आहेत. जनरल बिपीन रावत ज्यात गेले त्या ८ डिसेंबर २०२१ च्या हेलिकॉप्टर अपघाताचं कारणही तिथे आहे, मानवी चूक असं. समितीने ही माहिती मागवली आणि छापली, याबद्दल मी मनापासून आभार मानतो. कारणाचा तो रकाना मी बराच वेळ बघत बसलो. एकेका अपघातापुढे दोन-तीन शब्द. माझी मागणी त्या रकान्याबद्दलच आहे. निदान चाचणी उड्डाणांपुरता तरी तो रकाना उलगडून पानं करावा.

चाचणी उड्डाणांपुरता म्हणतो, त्याला कारण आहे. सीमेवरच्या मोहिमेत, युद्धसरावात काय घडलं ते झाकून ठेवण्यामागे अर्थ असू शकतो. चाचणीचं उड्डाण दोष सापडावा यासाठीच असतं. तिथे विमान पडलं तर सर्वांत महागडा दोष सापडलेला असतो. तो ज्यांच्या हातून पुन्हा घडू शकतो त्या सगळ्यांना तो कळायला हवा: सुटे भाग पुरवणाऱ्या नाशिक-पुण्यातल्या छोट्या कारखान्यांतल्या टर्नरला, पॉलिटेक्निकमधल्या मुलीला, खासगी कंपनीत ड्रोन बांधणाऱ्या पोरांना. देशाने संरक्षण उत्पादन खासगी उद्योगांसाठी खुलं केलं, हे मला चांगलं वाटतं. पण काम हजार हातांत गेलं आणि चुकांची वही एकाच कपाटात राहिली तर त्या हजार हातांनी शिकायचं कुठून?

यावर काय म्हटलं जाईल याचा मी विचार केला आहे. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये सुरक्षेला बाध आणणारी माहिती रोखण्याची सोय आहे. पण त्याच कायद्याचं कलम १० सांगतं की रोखण्याजोगा भाग वगळून उरलेला देता येतो. रडारची क्षमता, शस्त्रांचे आकडे, संगणकाची आज्ञावली खुशाल काळी करा. हायड्रॉलिकचा पाइप कुठल्या क्लॅम्पपाशी घासून चिरला, यात काळं करण्यासारखं काही नसतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. आपण बोललेलं छापलं जाईल या धास्तीने चौकशीत तंत्रज्ञ आणि वैमानिक खरं बोलणार नाहीत. हे मी नाकारत नाही. ब्रेक मी सोडवला हे लिहिताना माझाही हात थांबला होता. म्हणूनच अमेरिकी हवाई दलात दोन चौकशा होतात. एक सुरक्षेसाठी, तिथल्या जबान्या गोपनीय राहतात आणि शिक्षेसाठी वापरल्या जात नाहीत. दुसरी स्वतंत्र, तिचा अहवाल जाहीर होतो. नागरी विमानांच्या चौकशीबद्दलचा आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतो की चौकशी पुन्हा अपघात होऊ नये यासाठी करायची, दोषी ठरवण्यासाठी करायची नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादमध्ये एअर इंडियाचं विमान पडलं, तेव्हा बरोबर एका महिन्याने प्राथमिक अहवाल संकेतस्थळावर होता. त्यावर वाद झाले, आजही होतात. पण वाद घालायला समोर कागद तरी होता. म्हणजे आपल्या देशाला हे जमतं.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण ठरवलं की युद्धं आणि लष्करी मोहिमांची कागदपत्रं साधारणपणे २५ वर्षांनी खुली करायची. युद्धाच्या नोंदी २५ वर्षांनी उघडता येतात, तर तुटलेल्या शाफ्टची नोंदही उघडता येईल.

म्हणून मागणी अशी. लष्करी विमानाचा चाचणी उड्डाणात अपघात झाला तर वर्षभरात त्याच्या तांत्रिक कारणांचा गोषवारा जाहीर व्हावा. एखादा भाग रोखायचा असेल तर तो का आणि कधीपर्यंत रोखला हे त्यातच लिहावं. २५ वर्षांपेक्षा जुने अहवाल पूर्ण खुले व्हावेत, सुरुवात १० जानेवारी १९७० पासून. हे गोषवारे इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही निघावेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांइतकेच आयटीआयमध्येही पोचावेत, कारण नट शेवटी आमची मुलं आवळतात. आणि विमान ज्या गावाच्या शिवारात पडलं त्या ग्रामपंचायतीला एक प्रत मिळावी.

ग्रामपंचायतीचा उल्लेख मी भावनेच्या भरात केलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए लढाऊ विमानाने तिथूनच उड्डाण केलं. त्या दिवशी आमच्या भागात आनंद होता, मलाही झाला. मिग-२१ बांधण्यासाठी साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या कारखान्यातून आता देशी विमान निघतं आहे. पण तेजसच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कार्बन फायबरसारख्या संमिश्र पदार्थांचा आहे. हे जळलं की त्याचे बारीक तंतू धुरात आणि मातीत मिसळतात. ते श्वासातून आत जाणं घातक आहे, आणि अशा अवशेषांजवळ बचाव पथकंही तोंडाला मास्क बांधून जातात. आमच्याकडे विमान पडलं की आधी धावतात ती आसपासच्या शेतातली माणसं, वैमानिकाला उचलायला. असं धावून जाणं आमच्या रक्तात आहे आणि ते बदलू नये. पण जाताना तोंडाला ओला रुमाल बांधा, वारा ज्या बाजूला धूर नेतो त्या बाजूला उभं राहू नका, वैमानिकाच्या खुर्चीला हात लावू नका, तिच्यात न उडालेला दारूगोळा असू शकतो, एवढं तरी आम्हाला कुणी येऊन सांगायला हवं. ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्यासाठी कुठलाही कायदा बदलावा लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईत प्रात्यक्षिक करताना तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. ते चाचणीचं उड्डाण नव्हतं, आणि कारणांबद्दल अंदाज करणं मला योग्य वाटत नाही. पण त्या संध्याकाळी मोबाइलवर ज्याला त्याला कारण माहीत होतं. कुणी इंजिनाला दोष दिला, कुणी वैमानिकाला, कुणी देशालाच. अधिकृत शब्द मिळत नाही तिथे अशा गोष्टी भरतात, आणि गेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्या ऐकत बसावं लागतं.

माझ्या जुन्या संस्थेत अजून मला नव्या बॅचशी बोलायला बोलावतात. मी एक्स-३१ सांगतो, बी-२ सांगतो, सारस सांगतो. वर्गात शिरसगावची मुलं असतात, वावी-ठुशीची असतात. यंदा एकाने हात वर करून विचारलं, "सर, आपल्या इथलं का पडलं?" मी त्याला म्हणालो की दिल्लीला पत्र लिहून विचारतो. पुढच्या ऑगस्टमध्ये नवी बॅच येईल, त्याआधी आपलं उत्तर आलं तर ते मी त्यांच्यासमोर वाचून दाखवीन.

आपला नम्र,
निफाड तालुक्यातील एक निवृत्त आयटीआय निदेशक